मदत हवी आहे: ‘स्पेक्ट्रल’ म्हणजे भुताचं की वर्णपटाचं?

धुळेकरीण: एका इंग्रजी भयकथेचा मराठी अनुवाद करतेय. गोष्ट रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत घडते. ‘अ स्पेक्ट्रल फिगर स्टुड बाय द वेल’ या वाक्याचं अनुवादाच्या अ‍ॅपने ‘विहिरीजवळ वर्णपटीय आकृती’ केलंय! पुढे ‘स्पेक्ट्रल लाइट’ आहे आणि एका ठिकाणी ‘द स्पेक्टर ऑफ ड्रॉट’. दुष्काळाचं भूत म्हणायचं का? आणि ‘स्पूकी’ हा याचाच भाऊ ना?

तापीकाठ: ताई, अ‍ॅपचं अगदीच चुकलेलं नाही, त्याने भलतं दार ठोठावलं एवढंच. लॅटिन ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे दिसलेलं रूप, आभास. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘स्पेक्टर’, म्हणजे भूत, आलं. न्यूटनने 1672 साली छापलेल्या लेखात लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला हाच लॅटिन शब्द वापरला. विशेषण मात्र दोघांचं एकच राहिलं. मूळ धातू ‘पाहणे’ या अर्थाचा, चष्म्याच्या दुकानावरचं ‘स्पेक्स’ त्याच घरातलं. संस्कृतातला ‘स्पश्’ही त्याच कुळातला, म्हणजे आपलं ‘स्पष्ट’ या धूसर शब्दाचं चुलतभावंडं निघतं.

अर्थ ओळखायचा तो पुढच्या नामावरून. लाइन, बँड, रेंज, अ‍ॅनालिसिस आलं की वर्णपट. गॅसच्या ज्योतीत मिठाचा खडा धरला की त्या उजेडाच्या वर्णपटात सोडियमच्या 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा उमटतात, त्या ‘स्पेक्ट्रल लाइन्स’. पिकावर उडणाऱ्या ड्रोनचा ‘मल्टिस्पेक्ट्रल’ कॅमेराही तिकडचाच. फिगर, व्हॉइस, हँड, प्रेझेन्स आलं की भूत. फसवतो तो ‘लाइट’, कारण तो दोन्हीकडे चालतो. आसपास तरंगलांबी किंवा उपकरण नसेल तर फिकट, निर्जीव उजेड समजा.

गिरणेचं पाणी: ‘स्पेक्ट्रल’ला मुंजा, हडळ, खवीस यांतलं काही लावू नका. आपल्याकडे मुंजा म्हटलं की पोरगं आणि पिंपळ आला, हडळ म्हटलं की बाई आली. इंग्रजी शब्दात लिंग नाही, जातही नाही, फक्त धूसरपणा आहे. ‘भुताटकी’ही नको, ती घरादाराला लागते. ‘हाँटेड हाउस’ला ‘भुताटकीचं घर’ बरोबर बसतं, पण घराला कुणी सहसा ‘स्पेक्ट्रल’ म्हणत नाही.

तापीकाठ: भो, ‘छायारूप’ कसं वाटतं?

गिरणेचं पाणी: पोथीतलं वाटतं. एकदा चालेल, सात वेळा नाही.

सातपुडा: दुष्काळाचं ‘भूत’ करू नका ताई. इथे ‘स्पेक्टर’ म्हणजे अजून न आलेल्या संकटाची छाया. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: दुष्काळाचं सावट. युद्ध, बेकारी, उपासमार, सगळ्यांना तोच लागतो. या नामाचं ब्रिटिश स्पेलिंग ‘आर-ई’वर संपतं, अमेरिकन ‘ई-आर’वर. शोधताना दोन्ही घाला, नाहीतर निम्मी ठिकाणं सुटतील.

‘स्पूकी’ भाऊ नाही, शेजारी. ‘स्पूक’ डच भाषेतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंग्रजीत शिरला. त्यात गंमतीची भीती असते, हॅलोविनच्या सणातल्या लहान पोरांच्या भोपळ्यांची. गंभीर प्रसंगात वातावरण अंगावर येत असेल तर ‘ईरी’ पाहा. ‘स्पूक’चं क्रियापद झालं की मराठी सोपी: बैल बुजला. आणि जपून, माणसाला ‘स्पूक’ म्हटलेलं असेल तर तो गुप्तहेर असू शकतो, किंवा अमेरिकेत काळ्या माणसांना दिलेली शिवी. संदर्भ वाचल्याशिवाय ‘भूत’ लिहू नका.

धुळेकरीण: मंडळी, आभार. हे पाहा: ‘विहिरीच्या कठड्याशी भुतासारखी एक आकृती उभी होती.’

गिरणेचं पाणी: ‘भुतासारखी’ खोडा. ‘भुतासारखा काय उभा राहिलास’ ही आपल्याकडे आईची ओरड आहे, वाचक हसेल. शब्द सोडा, लक्षण लिहा: ‘विहिरीच्या कठड्याशी एक आकृती उभी होती. तिच्यातून मागची केळीची पानं दिसत होती.’ मूळ लेखकाने पानं दिली नसतील तर ‘तिच्या आरपार दिसत होतं’ एवढ्यावर थांबा. उजेडाला ‘मेलेला उजेड’ करून बघा. तिथे ‘फिकट’ फारच सभ्य वाटतो.