पहिली स्पोर्ट्स बाईक: कशी निवडली, कशी सांभाळली? (अनुभव धागा)

मागच्या दसऱ्याला भाच्याने पहिली बाईक घेतली. त्याआधी चार महिने घरात पीएस, न्यूटन मीटर आणि क्विक शिफ्टरचं अखंड पारायण चालू होतं. डिलिव्हरीच्या दिवशी हार घालून झाला, चाकाखाली लिंबू ठेवून झालं, आणि शोरूममधल्या मुलाने विचारलं, "सर, लॉक देऊ का एखादं?" भाचा म्हणाला, "हँडल लॉक आहे की."

माझी गाडी २०१४ साली धनकवडीतल्या सोसायटीच्या पार्किंगमधून गेली, तिलाही हँडल लॉक होतंच. आतली खिटी केवढीशी असते आणि किती सहज तुटते, हे मला चौकीतल्या हवालदारांनी बोटाच्या पेरावर दाखवलं. पेरही पूर्ण नव्हतं.

तेव्हापासून कोणी "कुठली घेऊ?" विचारलं की मी उलट विचारतो, रात्री गाडी कुठे उभी राहणार? लोक हसतात. पण फेअरिंगवाली, म्हणजे अंगभर प्लॅस्टिकचं आवरण असलेली, चकचकीत गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर निवड तिथूनच सुरू व्हायला हवी, असं माझं मत आहे. पटत नसेल तर तसं लिहा. पहिली गाडी कशी ठरवली, कुठे फसलात, कुलूप कुठलं, गेली असेल तर कशी गेली, सगळं येऊ द्या. फक्त 'कुठली कंपनी भारी' यावर मारामारी नको, त्यासाठी उभं आयुष्य पडलंय.

गोदाकाठची रायडर

माझी उंची ५ फूट २ इंच. आधी स्कूटर चालवायचे, त्यामुळे पहिला धक्का कागदावर बसला: लायसन्सवर फक्त 'विदाउट गिअर'. गिअरवाल्यासाठी पुन्हा लर्निंग, पुन्हा टेस्ट. तेव्हा बायांनो, बुकिंगच्या आधी स्वतःचं लायसन्स वाचा.

सीट हाइटचे आकडे मला पाठ झाले होते. निन्जा ३०० ची ७८० मिलिमीटर, पल्सर आरएस २०० ची ८१०, आर१५ व्ही४ ची ८१५. बसून बघितल्यावर कळलं की आकडा अर्धंच सांगतो. सीट पुढे निमुळती असेल तर उंच गाडीवरही पाय टेकतात. आणि वजन! आर१५ साधारण १४२ किलो, आरएस २०० त्याहून वीसेक किलो जास्त. चालू गाडीवर हा फरक कळत नाही, बंद गाडी उतारावरच्या पार्किंगमधून मागे ओढताना कळतो. मी शोरूमवाल्याला म्हटलं, टेस्ट राइड नंतर, आधी इंजिन बंद ठेवून मला ही रॅम्पवर मागे घेऊ द्या. तो बघतच राहिला. शेवटी सेकंडहँड आर१५ घेतली, पहिल्या पडापडीत नव्या फेअरिंगचा जीव जायला नको म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात गंगापूर रोडला यू-टर्न घेताना उभ्या उभ्या आडवी झाले. या गाड्यांचं हँडल फार वळत नाही, स्कूटरच्या सवयीने वळायला गेलं की संपलं.

परळचा चाळकरी

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. मला आरआर ३१० हवी होती. आमच्याकडे पार्किंग म्हणजे जिन्याखाली सायकली, बाहेर फुटपाथ आणि त्यावर मांजरं. शेवटी फेअरिंग नसलेली साधी १६० सीसी घेतली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी कुलपं दोन आहेत. जाड साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून (मागचं चाक धरणारा लोखंडी हात) जिन्याच्या लोखंडी खांबाला. नुसती चाकाला बांधली तर चौघं जण गाडी उचलून टेम्पोत टाकतात, खांब महत्त्वाचा. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही, जमिनीचा आधार मिळाला की तोडायला सोपी. दुसरं, पुढच्या डिस्कला लॉक.

त्या डिस्क लॉकने आजवर एकालाच पकडलंय, मला. सकाळी घाईत लॉक तसंच ठेवून गिअर टाकला, अर्धा फेरा फिरून लॉक ब्रेकच्या कॅलिपरवर आदळलं आणि मी दूधवाल्याच्या पायाशी. आता लॉकपासून हँडलपर्यंत भगव्या रंगाची दोरी बांधतो. ती दिसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

रांगडा कोल्हापुरी

परळकर, भावा, दूधवाल्यानं काय म्हटलं ते सांगितलं न्हाईस.

आमचं सांगतो. गाडी घेतली, अंबाबाईला नेली, मग पन्हाळा. लै नाद. चोरी नको म्हणून जीपीएस ट्रॅकर बसवला, सीटखाली, बॅटरीच्या शेजारी. म्हंजे चोर पैला जिथं हात घालणार तिथंच. बरं, त्याला सिम कार्ड लागतंय, सिमला रिचार्ज लागतोय. गाडी गेली त्या दिवशी रिचार्ज संपून तीन दिवस झालेले! मोबाइलवर गाडी दारातच दिसत होती आणि मी रिकाम्या दारात उभा.

अकरा दिवसांनी निपाणीच्या अलीकडं सापडली. फेअरिंग न्हाई, सायलेन्सर न्हाई, दोन्ही चाकं न्हाईत. या गाड्या अख्ख्या कमी आणि सुट्ट्या भागांत जास्त विकल्या जातात, असं मेस्त्री म्हणाला. म्हणून आता चेसिस नंबर फेअरिंगच्या आतल्या बाजूनं, टाकीच्या खाली, रिमवर कोरून घेतलाय. ट्रॅकर कुठं हाय ते बायकोला बी सांगितलं न्हाई. आणि एक, गाडी पंधरा दिवस उभी ऱ्हाणार आसंल तर ट्रॅकर बॅटरी खातोय, ध्यानात ठेवा.

कागदपत्र काका (ठाणे)

चोरीनंतरचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माझी गाडी दुसऱ्या वर्षात गेली.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. लोकांना वाटतं पाच वर्षं काळजी मिटली. थर्ड पार्टीत चोरीचा एक रुपया मिळत नाही. चोरीचं संरक्षण 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात असतं, आणि तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. माझ्या शेजाऱ्याचा तो भाग संपून दोन महिने झाले होते, त्याला कळलं ते गाडी गेल्यावर. मी सुदैवाने भरला होता.

मग चक्र. आधी एफआयआर, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं, आरटीओला कळवणं. नंतर पोलीस तपास संपवून 'ए समरी' अहवाल कोर्टात देतात, म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. तो हातात येईपर्यंत दावा पुढे सरकत नाही. मला सात महिने लागले. विमावाल्यांनी दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या. दुसरी किल्ली शोधायला मी घर उलथंपालथं केलं, ती निघाली गणपतीच्या सजावटीच्या खोक्यात. नसती मिळाली तर 'किल्ली गाडीलाच ठेवली होती का?' हे सिद्ध करत बसलो असतो.

रकमेचं ऐका. ऑन-रोड २ लाख १७ हजार दिले होते, एक्स-शोरूम १ लाख ८० हजार. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेला गाडीच्या किमतीचा आकडा, एक्स-शोरूमवरून ठरतो आणि दुसऱ्या वर्षी २० टक्के घसारा धरून १ लाख ४४ हजारांवर येतो. त्यातून आधी कर्ज देणाऱ्या बँकेचे उरलेले हप्ते वळते झाले. माझ्या हातात आले २६ हजारांच्या आसपास. 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं जोडकलम असतं, त्यात खरेदीच्या बिलाची पूर्ण किंमत धरतात. थोड्या जास्त हप्त्यासाठी मी ते नाकारलं होतं. गाडीवर कर्ज असेल तर नाकारू नका.

धागाकर्ता

काका, हे छापून शोरूमच्या दारावर लावायला हवं. मला २०१४ साली 'ए समरी' हा शब्दच माहीत नव्हता, दावा अर्धवट सोडून दिला.

आईची बाजू

मुलगा १९ वर्षांचा, आम्ही छत्रपती संभाजीनगरला. माझी अट एकच होती: सहा महिने बाबांची स्प्लेंडर चालवायची, एकही चलन नाही, एकही ओरखडा नाही, मग पुढचं बोलू. पाचव्या महिन्यात सिग्नलचं चलन आलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. अकराव्या महिन्यात आरसी २०० आली. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, ते त्यानेच मला समजावलं. मी विचारलं, दोन्ही चाकांना का एकाच? तेव्हा जरा गांगरला. दोन्हींना आहे याची खात्री करून मगच मी सही केली.

हेल्मेट आयएसआयचं, रस्त्याकडेला ढिगात मिळतं ते नाही. आणि दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्या दागिन्यांच्या डब्यात आहे. काकांचं वाचून बरं वाटलं.

टेम्सकाठचा तात्या

लंडनहून. इथे मुलाला १७ व्या वर्षी एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन, लाल 'एल'ची पाटी लावून फक्त १२५ सीसी मिळते. मोठी हवी तर १९ व्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची, त्यासाठी वेगळी परीक्षा. म्हणून त्याने आर१२५ घेतली, तुमच्या आर१५ ची धाकटी बहीण. इथले चोर दिवसाढवळ्या ग्राइंडर घेऊन येतात. जमिनीत कडी काँक्रीटने बसवली, तिला साखळी, वर काळं मळकट कव्हर. विम्याचा हप्ता पोस्टकोडवर ठरतो, पत्ता बदलला तेव्हा हप्ता गाडीच्या किमतीला टेकायला आला होता. पुण्यात कॉलेजला मी किल्ली लावूनच वडापाव खायला जायचो, हे मुलाला खरं वाटत नाही.

नवाकोरा

सगळं वाचलं. आता घाबरलोय. बजेट दोन लाख, आर१५ की आरएस २००?

धागाकर्ता

उंची किती? रात्री गाडी कुठे?

नवाकोरा

५ फूट ७. मामाच्या किराणा दुकानात, शटरच्या आत.

परळचा चाळकरी

शटरच्या आत!! मामाला अजून एखादा भाचा चालेल का?