पन्नास-साठ टक्केवाल्यांनी कॉलेज कसं शोधलं? तुमचे अनुभव लिहा

निकाल लागला की नव्वदीवाल्यांचे पेढे भरवतानाचे फोटो पेपरात येतात. पन्नास-साठवाल्यांच्या घरी त्याच दिवशी एजंटांचे फोन सुरू होतात: 'सीटा संपत आल्यात, आज टोकन भरा.' आधीच धास्तावलेले आईबाप पैसे भरून मोकळे होतात. या मुलांसाठी चांगली कॉलेजं आहेत, पण ती शांत डोक्याने शोधावी लागतात. ज्यांनी शोधली त्यांनी तपशिलासकट लिहा, यंदाच्या पालकांना आधार होईल.

माझ्यापासून सुरुवात करते. मुलाला इंजिनिअरिंगच करायचं होतं आणि सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) पर्सेंटाइल बेताचा. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कॅप राउंडचे, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, कटऑफ असतात. आम्ही पहिल्या राउंडचे आकडे बाजूला ठेवून शेवटच्या राउंडचे पाहिले. 'पुण्यातच हवं' हे सोडल्यावर यादी चांगलीच लांबली. मग प्रत्यक्ष कॉलेजं पाहिली, तीही चालू दिवशी. ऑफिसात माहितीपत्रक मिळतं, म्हणून आम्ही थेट वर्कशॉप गाठायचो. एका ठिकाणी लेथच्या चकवर गंज आणि मशीनवर धुळीचा थर. दुसऱ्या ठिकाणी साधी पत्र्याची शेड, पण खाली ताजा लोखंडी कीस पडलेला, मुलांचे हात ऑइलने काळे. त्यांनीच सांगितलं कोणते सर शिकवतात आणि कोणते नुसत्या जर्नलवर सह्या करतात. ते कॉलेज आम्ही कॅपच्या पसंतीच्या फॉर्मवर, म्हणजे ऑप्शन फॉर्मवर, पहिलं टाकलं. ऑप्शन फॉर्मचा क्रम आवडीचाच लावा. वरचं नाही लागलं तरी खालच्यावरचा हक्क जात नाही. मात्र पहिल्या राउंडला पहिली पसंती लागली की ती आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते, तेव्हा नको असलेलं नाव वर नको.

जळगावहून एक वडील
ताई, आमच्या मुलीला दहावीला ५८ टक्के. अकरावी-सीईटीच्या फेऱ्यात न पडता पॉलिटेक्निकला घातली. डिप्लोमाला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्सने फार दमवलं, हॉस्टेलवरून रडत फोन यायचे. सर्किटं जोडायला लागली तशी पोरगी बदलली. डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली. तिथे दहावीचे टक्के कुणी काढले नाहीत, सीईटीही द्यावी लागली नाही.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी
एजंट ज्या सीटा विकतात त्या बहुतेक मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, असतात. त्यातून प्रवेश घेतलात तर सरकारी फी सवलत हातची जाते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. माझ्या कॉलेजने तरी आधी सगळी फी भरायला सांगितली होती. बाबांनी शासन निर्णयाची प्रत काउंटरवर ठेवली, तेव्हा कुठे ऐकलं. हॉस्टेल-मेसचा खर्च वेगळा, तो हिशेबात धरा.

कोल्हापूर
मला दहावीला ४९. आयटीआयला फिटर केलं. घरात कुणी पेढे वाटले नाहीत, पाहुणे तर विषयच काढायचे नाहीत. शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिसशिप केली, ड्रॉइंग वाचायला खरं तिथं शिकलो. दोन वर्षांच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तिथल्या सुपरवायझरनी सांगितलं. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर आईची काळजी किती कमी झाली असती! आता डिप्लोमा झालाय, क्वालिटी विभागात आहे.

सोलापूरहून एक आई
सगळे इंजिनिअरिंगचंच लिहिताय. माझ्या लेकीला आर्ट्सला ५५ आहेत आणि तिला सायकॉलॉजीच करायचंय. काय बघू?

एक प्राध्यापिका
सोलापूरच्या ताई, सायकॉलॉजी तिथे मेजर (मुख्य विषय) म्हणून आहे की नुसता मायनर (जोडविषय), हे आधी विचारा. पुष्कळ कॉलेजांत पहिल्या वर्षाला विषय दिसतो, पुढे शिकवायला माणूसच नसतो. प्रॅक्टिकलची लॅब उघडून दाखवायला सांगा, चाचण्यांचे संच आहेत का ते पाहा. आणि लेकीला सोबत न्या, पुढची तीन-चार वर्षं तिलाच तिथे बसायचंय.