पाट म्हणजे नेमका कुठला? (अनुभव धागा)

नागपंचमीच्या आधी गावाहून काकांचा फोन आला, "पाट पोचवलास काय रे?" स्पीकर चालू होता. पुण्यात वाढलेली माझी बायको म्हणाली, "एवढ्या पावसात शेताला पाणी कशाला?" चूक तिची नाही, तिच्या माहेरी पाट म्हणजे कालवाच. मग घरात मोजायला बसलो तर हा दोन अक्षरी शब्द बोटांवर मावेना. किनाऱ्याकडच्या मंडळींनी आपापले पाट सांगावेत. पाटा-वरवंटा वेगळा, काना घेऊन कोणी येऊ नका.

सावंतवाडी
काकांचा पाट आमच्याकडेही आहे. फणसाचा, मागे पणजोबांचं नाव कोरलेलं. गणपतीच्या शाळेत तो नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच्यावरच घडते. एका वर्षी वडिलांना मूर्ती मोठी हवी होती. मूर्तिकार मान वर न करता म्हणाले, "मोठो गणपती होयो तर मोठो पाट आणा." पणजोबांचा पाट बदलायला कोणी धजलं नाही, त्यामुळे चार पिढ्या गणपती तेवढाच. विसर्जन झालं की त्याच पाटावर नदीतली मूठभर वाळू घेऊन घरी यायचं. रिकामा पाट उचलून परतताना तो जड का वाटतो, कोण जाणे.

श्रीवर्धन
आमचा पाट सुपारीच्या वाडीतला. विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी दोणीत, दोणीतून पाटात, पाटातून आळ्यात. एक आळं भरलं की मातीचा बांध घालून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. हे काम आम्हा पोरांचं. आंब्याच्या पानाची होडी सोडून तिच्यामागे धावायचो. होडी अडली की समजायचं, कुठेतरी पालापाचोळा तुंबलाय. आता पंप आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, पाणी वाचतं. पण पाणी आलंय हे कानाला कळत नाही.

कुडाळ तालुका
मी राहतो तेच पाट. मुंबईत पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी गाव विचारलं. "पाट." ते म्हणाले, "पाठ झालंय ते कळलं, गाव सांगा." तलाव आहे आमच्याकडे, कमळं असतात, या एकदा.

दापोली
हसून झालं असेल तर माझंही ऐका. आजी म्हणायची, "माझा पाट लागला तेव्हा मी एकोणीस वर्षांची." मला लहानपणी वाटायचं, हिला कुठेतरी बसायला पाट दिला असणार. पहिला नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, हे कॉलेजात कळलं. तिचा पाट रात्री लागला. वाजंत्री नाही, मंगलाष्टकं नाही, मोजून सात माणसं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. आमच्यासारख्या जातींत पाट त्याच्याही आधीपासून होता. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा इथल्याच मुरुडात त्यांच्यावर बहिष्कार पडला. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असायलाच हवं. पण आजीसारख्या बायकांना कोणी पुरोगामी म्हटलं नाही. उलट भांडणात 'पाटाची' हा शब्द फेकून मारला. त्याच कायद्यात लिहिलं होतं की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क गेला. आजी कायदा वाचणारी नव्हती. नेसूच्या लुगड्यानिशी आले, एवढंच सांगायची.

गुहागर
वरचं वाचून लिहावं की नाही, असं झालं होतं. आमचा साधा पाटपाण्याचा पाट. पाट मांडून तांब्या-भांडं ठेवलं की घरातलं पोर ओसरीवर ओरडायचं, "पाटपाणी झालं, चला!" आता डायनिंग टेबल आहे. आई अजून तेच ओरडते आणि सगळे खुर्च्यांवर येऊन बसतात.

धागाकर्ता
दापोलीच्या ताई, हा अर्थ मला फक्त शब्दकोशात भेटला होता. आजींबद्दल अजून लिहा.

वेंगुर्ला
आमची आजी जीभ वळावी म्हणून आम्हा नातवंडांकडून एक वाक्य म्हणून घ्यायची. घाईत म्हणून बघा: पाटच्या म्हातारेन पाटाच्या पाण्यात पाट धुतल्यान.