लुकलुकणारा चेक इंजिनचा दिवा

घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी गचके खाते, आणि त्यावर बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवा, असा सल्ला कुणीतरी देतं. कृपा करून तसं करू नका. दिवा विझेल, पण गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला दोषाचा कोडही पुसला जाईल आणि दोष आहे तिथेच राहील.

हा दिवा नुसता लागून राहिला तर सहसा गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लुकलुकला की बहुतेक वेळा मिसफायर असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं, तो खराब होतो, आणि तो बदलणं कॉइलपेक्षा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) कितीतरी महाग. म्हणून ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.

माझ्या गाडीत पी०३०२ हा कोड आला होता, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन गार झाल्यावर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरवर गेला, म्हणजे कॉइलच गेलेली. तिच्या रबरी टोकावर केसाएवढी चीर होती, ठिणगी तिथूनच बाहेर पडत होती. कोड जागचा हलला नसता तर आधी प्लग, मग इंजेक्टर बघितला असता.

स्टार्टर मारताना सगळेच दिवे फडफडत असतील तर मात्र आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा.