ओपन स्पेसवर वर अभ्यासिका, खाली गाळे. ठराव झालाय, पहिला अर्ज कुठं करायचा?

चक्कीवाली ताई

नमस्कार मंडळी. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, चक्की याच गावात चालवायची आहे. कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, म्हणजे प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत, एक मोठा निंब आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला झोके बांधतात, उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या बिबड्या-कुरडया तिथंच वाळतात, श्रावणात कानबाईच्या सणालाही सगळे तिथंच जमतात. बाकी वर्षभर पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू माझ्या पत्र्यावर आपटतात, ते सोडा.

परवा दळण घेऊन आलेल्या एका वहिनींनी सांगितलं की नगरपरिषदेच्या सभेत ही जागा एका संस्थेला अभ्यासिकेसाठी द्यायचा ठराव झाला. छापील पत्रिकेत विषयच नव्हता, ऐनवेळी घेतला म्हणे. नगरसेवकांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं काम आहे, तुम्ही आडव्या येऊ नका." आडवी कशाला येऊ? माझी मुलगी चक्कीच्या घरघरीत पोलीस भरतीचा अभ्यास करते. अभ्यासिका सगळ्यांच्या आधी मला हवी आहे. पण ज्याने नकाशा पाहिला तो सांगतो, खाली रस्त्याच्या तोंडाला गाळे आणि वर अभ्यासिका. गाळ्यांत कोण अभ्यास करणार?

मोर्चा सुचवू नका. पहिल्या दिवशी सगळ्या येतील, दुसऱ्या दिवशी मी एकटी. कागदाचा रस्ता सांगा.

निवृत्त लेखनिक

ताई, आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. जुन्या ले-आउटमधला ओपन स्पेस कित्येकदा मूळ शेतमालकाच्याच नावावर पडून असतो, आणि 'पालिकेची जागा' हे नुसतं बोलण्यात. मंजूर ले-आउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) आणि एन.ए. (बिगरशेती) आदेश, दोन्ही काढा. आदेशाच्या अटी नीट वाचा.

जागा पालिकेची निघाली तरी मिळकत परस्पर कुणाला देता येत नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 92 आहे, वर 1983 चे मिळकत हस्तांतरणाचे नियम आहेत. सभेत हात वर झाले म्हणून लगेच किल्ली देता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. 'सदर प्रकरणाची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहू नका. तशा अर्जाला 'माहितीचा बोध होत नाही' असं उत्तर कसं लिहितात ते आम्हाला पाठ होतं! एकेक कागद नावानं मागा : सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त, ठरावाची साक्षांकित प्रत, संस्थेचा अर्ज, बांधकामाचा नकाशा. ठराव हातात आला की जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 308 खाली अर्ज करा. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर त्याची अंमलबजावणी ते थांबवू शकतात.

नकाशेवाला

लेखनिक काकांच्या बोलण्यात भर. 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली बघा. ओपन स्पेसवर बांधकाम अजिबात चालत नाही असं नाही, पण मर्यादा आहे : सगळे मजले मिळून ओपन स्पेसच्या 15 टक्के, त्यातही तळमजल्याला 10 टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे जागा 1000 चौरस मीटर असेल तर तळाला फार तर 100. तेही रहिवाशांच्या उपयोगाचं, वाचनालय-व्यायामशाळा अशा कामाचं. भाड्याचे गाळे त्यात बसत नाहीत. म्हणून नकाशाची प्रत मिळवाच, 'ज्याने पाहिला तो सांगतो' यावर अर्ज टिकत नाही.

आणि 'तुमचा काय संबंध' असं कुणी म्हणालं तर बंगळूरचं प्रकरण सांगा. बागेसाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचीच बाजू घेतली.

तापीकाठचा

भो, कलमं झाली, आता घरचं बघा. ओपन स्पेसमध्ये कॉलनीवाल्यांचं काय काय आहे? कुणाचा गोठा, कुणाचं गाडीचं शेड, कुणाचं कंपाउंड पुढं सरकलेलं? आमच्याकडं अर्ज गेला तशी पहिली नोटीस आमच्याच माणसांना आली. ते फुटले, आणि अर्जावर सह्या केलेले लोक 'मी वाचलंच नव्हतं' म्हणायला लागले.

चक्कीवाली ताई

तापीकाठचे भाऊ, बरोबर बोलले. गोठा आहे, आणि तो माझ्याच चुलत दिरांचा आहे. अर्ज द्यायच्या आधी त्यांच्याशी बोलते. बोलणं गोड होणार नाही, पण ती नोटीस नंतर माझ्या दारात नको.

अजून एक. पालिकेच्याच व्यापारी संकुलाचा वरचा मजला रिकामा पडलाय, भाड्यानं कुणी घेत नाही. अभ्यासिका तिथं करा, असं अर्जातच लिहिणार आहे, म्हणजे पोरांच्या आडवी आले असं कुणी म्हणणार नाही. लेखनिक काका, उतारा तलाठ्याकडं मिळेल की सिटी सर्व्हेला?

निवृत्त लेखनिक

जागा सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका, नसेल तर तलाठ्याकडं सात-बारा. गट नंबर तुमच्या प्लॉटच्या खरेदीखतात आहे. रिकाम्या मजल्याची गोष्ट अर्जात पहिल्याच परिच्छेदात टाका.