मदत हवी आहे: ग्लेंडनला स्टुडंट युनियनच्या निवडणुकीला उभी राहतेय, भाषण फ्रेंचमध्ये किती करू?

नाशिकची_टोरोंटोत:

नमस्कार मंडळी. मी टोरोंटोला यॉर्क युनिव्हर्सिटीच्या ग्लेंडन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा स्टुडंट युनियनच्या निवडणुकीला उभी राहतेय. अर्ज भरला, सह्या गोळा करून झाल्या, आता प्रचार आणि उमेदवारांच्या सभेतलं भाषण बाकी आहे आणि तिथेच माझं घोडं अडलंय. इथे कॅनडातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, कोणी इथल्या कॉलेजात निवडणूक लढवली असेल, कोणाची मुलं उभी राहिली असतील, तर प्लीज सांगा.

ग्लेंडन माहीत नसेल त्यांच्यासाठी, यॉर्कचा मोठा कॅम्पस कीलला आहे, आमचं कॉलेज तिथून लांब, बेव्ह्यू आणि लॉरेन्सच्या कोपऱ्यावर, डॉन नदीच्या घळीच्या काठाला. भरपूर झाडी, लहान कॅम्पस, चार दिवसांत सगळे चेहरे ओळखीचे होतात. १९६६ पासून हे इंग्रजी-फ्रेंच कॉलेज आहे. एस्कॉट रीड म्हणून परराष्ट्र खात्यातले अधिकारी होते, ते पहिले प्रिन्सिपल, आणि त्यांच्या डोक्यात असं की पुढे सरकारी नोकरीत जाणारी मुलं दोन्ही भाषांत तयार झाली पाहिजेत, आणि हे कधी, तर देशाचा राजभाषा कायदा १९६९ चा, म्हणजे त्याच्याही आधी. आजही इथे इंग्रजीवाल्यांना फ्रेंच आणि फ्रेंचवाल्यांना इंग्रजी घ्यावीच लागते.

आणि युनियन म्हणजे आपल्याकडच्या गॅदरिंग कमिटीसारखी नुसती नावाला नाही हां. मुलांच्या फीमधून तिला पैसे मिळतात, त्यातून क्लब चालतात, कार्यक्रम होतात. मुलांचा पेपर आहे प्रो टेम, १९६२ पासूनचा, दोन्ही भाषांत निघतो, रेडिओ आहे, लुनिक नावाचा कॅफे मुलंच चालवतात. मला हे सगळं फार आवडतं, नाशिकला आमच्या कॉलेजात सीआर सुद्धा सर सांगतील तो व्हायचा, त्यामुळे इथे वीस वर्षांची पोरं बजेटवर तावातावाने बोलताना बघून पहिल्या वर्षीच ठरवलं होतं की आपण यात उतरायचं.

आता मुद्दा. माझी शाळा मराठी माध्यमाची, फ्रेंच अकरावी-बारावीला स्कोरिंग म्हणून घेतलं आणि मग पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुढचे कोर्स केले. वाचता-लिहिता चांगलं येतं, बोलताना वाक्य डोक्यात जुळवायला वेळ लागतो, विशेषतः समोरून प्रश्न आला की. भाषणाला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळणार. माझ्या प्रचारातली मित्रमंडळी म्हणतात सुरुवातीला ‘बाँझूर’, शेवटी ‘मेर्सी’, मधलं सगळं इंग्रजीत ठोक, फ्रेंचवाल्यांना इंग्रजी कळतंच की, उगाच अडखळलीस तर इम्प्रेशन जाईल.

माझी रूममेट सडबरीची आहे, घरात फ्रेंच बोलणारी, ऑन्टारियोतली फ्रँकोफोन. तिला हे सांगितलं तेव्हा ती मोजे घड्या करत होती, हातातला मोजा तसाच धरून म्हणाली, आम्हाला इंग्रजी कळतं ना, म्हणूनच दर वेळी आम्हीच इंग्रजीत ऐकून घ्यायचं असं ठरलेलं असतं. मला काही बोलताच आलं नाही. तिच्या टेबलावर हिरवा-पांढरा फ्रँको-ऑन्टारियन झेंडा असतो, तो पहिल्यांदा फडकला तो १९७५ साली तिच्याच गावात, आणि त्याच गावातल्या लॉरेन्शियन युनिव्हर्सिटीने २०२१ च्या एप्रिलमध्ये पैसे संपले म्हणून ६९ प्रोग्रॅम बंद केले, त्यातले २८ फ्रेंचमधले. तेव्हा तिच्यासाठी हा विषय नुसता भाषणाचा नाहीये हे मला आता कळतंय.

तर माझे प्रश्न असे. भाषण अर्धं-अर्धं करावं का, आणि करावं तर तेच दोनदा बोलायचं की अर्धा मजकूर एका भाषेत आणि उरलेला दुसऱ्या? फ्रेंचमध्ये प्रश्न आला आणि नाही सुचलं तर काय करायचं? दुसरं म्हणजे निम्मी मुलं तरी ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरोहून येऊन-जाऊन करतात, लेक्चर झालं की पळतात, त्यांना गाठायचं कसं? आणि तिसरं, जरा नाजूक, काही जण म्हणतात आपल्या इंडियन मुलांची मतं आधी पक्की कर, ते मला पटत नाहीये पण निवडणुकीत असंच करतात का?

जाहीरनाम्यात सध्या तीन गोष्टी आहेत: युनियनची प्रत्येक नोटीस दोन्ही भाषांत एकाच वेळी निघणार, मीटिंग दुपारच्या सुट्टीत म्हणजे लांबून येणाऱ्यांनाही बसता येईल, आणि कील ते ग्लेंडन शटलच्या फेऱ्या वाढवणार.

---

रिदोकाठी:

अभिनंदन गं, आधी उभी राहिलीस याबद्दल. मी ओटावा युनिव्हर्सिटीची, तीही दोन भाषांची, तिथे भाषेचे कोर्स सोडले तर पेपर कुठल्याही कोर्सचा असो, उत्तरं इंग्रजीत लिही नाहीतर फ्रेंचमध्ये, चालतं.

तेच दोनदा बोलू नकोस. दोन्ही भाषा येणाऱ्याला कंटाळा येतो आणि तुझी निम्मी मिनिटं फुकट जातात. एक मुद्दा पूर्ण फ्रेंचमध्ये, पुढचा पूर्ण इंग्रजीत, आणि मुख्य म्हणजे महत्त्वाचा मुद्दा फ्रेंचमध्ये ठेव. लोक काय करतात, आभार आणि हवापाणी फ्रेंचमध्ये आणि पैशाचं बोलणं इंग्रजीत, ते फ्रेंचवाल्यांना बरोबर कळतं. तुझा नोटिशींचा मुद्दा फ्रेंचमध्ये मांड, तो मूळ त्यांचाच आहे.

शटलचं मात्र काढून टाक. ती युनिव्हर्सिटी चालवते, युनियन नाही, तू फार तर मागणी लावून धरू शकतेस, तसंच लिही. समोरचा उमेदवार पहिला प्रश्न हाच विचारेल.

त्याच्याऐवजी हिशोब घे. ओटावाला जुनी युनियन होती तिच्यावर २०१८ मध्ये पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप झाले, युनिव्हर्सिटीने तिच्याशी करार मोडला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुलांनी मतदान करून नवीन युनियन निवडली. तेव्हापासून मला कोणी उमेदवार भेटला की मी एवढंच विचारते, खर्चाचा तक्ता दर महिन्याला वेबसाइटवर टाकशील का. आपल्या ऑन्टारियोवाल्यांना तर हे जास्तच लागू, कारण २०१९ मध्ये प्रांताच्या फोर्ड सरकारने युनियन, पेपर, क्लब यांची फी ऐच्छिक करून टाकली होती, नको असेल तर टिक काढा. कॅनेडियन फेडरेशन ऑफ स्टुडंट्स आणि तुमच्या यॉर्कचं फेडरेशन कोर्टात गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिंकले, आणि २०२१ मध्ये अपील कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला. म्हणजे तुमच्याच युनिव्हर्सिटीतल्या मुलांनी लढून राखलेले हे पैसे आहेत, भाषणात हे वाक्य आलंच पाहिजे.

---

मॉन्ट्रियलकर:

मी भाषांतराचं काम करतो म्हणून फक्त पोस्टरबद्दल. तू पुण्यात शिकलेलं फ्रेंच फ्रान्सचं आहे, इथे काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि पोस्टरवर त्या लगेच डोळ्यात येतात. ‘देझने’ला या असं छापशील तर फ्रान्समध्ये दुपारचं जेवण, इथे लोक सकाळी नाश्त्याला येऊन उभे राहतील, दुपारसाठी इथे ‘दिने’. ईमेलला ‘कुरिएल’. उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्हाच्या आधी तुम्हाला जागा सोडायला शिकवलं असेल, इथे सोडत नाहीत. मशीनने भाषांतर करून तसंच चिकटवू नकोस, तुझ्या रूममेटला पाच मिनिटं वाचायला दे, तिला आवडेल ते.

आणि प्रश्न आला आणि शब्द नाही सुचला तर फ्रेंचमध्येच सांग की जरा हळू बोलते, चालेल ना. भाषा बदलू नकोस. अडखळलेलं लोक विसरतात, आपल्याला प्रश्न फ्रेंचमध्ये विचारला आणि उत्तर इंग्रजीत आलं हे नाही विसरत. माझी बायको इथल्या शाळेच्या पालक समितीवर निवडून आली तेव्हा तिचं फ्रेंच तुझ्यापेक्षा कच्चं होतं.

---

निवृत्त_प्राध्यापक:

मुली, वाचून फार बरं वाटलं. मी महाराष्ट्रात कॉलेजात शिकवत होतो. आमच्याकडे थेट निवडणुका होत्या तेव्हाचा काळ मी पाहिलाय, जीपगाड्या, मारामाऱ्या, बाहेरचे पुढारी, सगळं. मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. तू म्हणतेस ना सर सांगतील तो सीआर, ते त्यातूनच. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत केली, पण कागदावरून वर्गात यायला तिला फार वेळ लागतोय. मारामाऱ्या थांबल्या हे खरं, पण त्याबरोबर मुलांची बोलायची सवयही गेली, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये एक नियम सुचवला होता तो मला अजूनही आवडतो, छापील पोस्टर नको, हाताने केलेलीच पोस्टर लावायची. खर्चाची मर्यादा उमेदवारामागे पाच हजार रुपये. तुमचे नियम वेगळे असतील, ते आधी नीट वाच, पण हाताने लिहिलेलं पोस्टर दोन्ही भाषांत काढलंस तर लोक थांबून वाचतील. दोन्ही भाषांची अक्षरं सारख्या आकाराची ठेव. एक मोठी आणि दुसरी खाली बारीक असं नको.

आपल्या मुलांच्या मतांचं विचारलंस. त्यांच्याकडे जरूर जा, पण जे इतरांना सांगशील तेच त्यांना सांग. वेगळं वचन द्यायचं नाही.

---

आई_मिसिसागा:

माझा मुलगा येऊन-जाऊन करायचा म्हणून सांगते, या मुलांना कॅफेटेरियात शोधू नकोस, ती तिथे नसतातच. लॉरेन्स स्टेशनवरून १२४ नंबरची बस येते ना, त्या स्टॉपवर सकाळी उभी राहा, थंडीत बसची वाट बघणारा माणूस दोन मिनिटं बोलतो. संध्याकाळी नको, तेव्हा सगळ्यांना घर दिसत असतं. नियमात कॅम्पसबाहेर प्रचार चालतो का ते विचारून घे फक्त.

आणि दुपारच्या सुट्टीत मीटिंग हे उत्तम, पण ज्याचं लेक्चर तेव्हाच असतं त्याचं काय? माझा मुलगा तीन वर्षं एकाही मीटिंगला जाऊ शकला नाही, यायची इच्छा असून. मीटिंग ऑनलाइन ऐकता आली पाहिजे आणि झालेले निर्णय दुसऱ्या दिवशी लिहून यायला हवेत, हे घाल त्यात.

आणि नीट जेव गं प्रचाराच्या धावपळीत.

---

नाशिकची_टोरोंटोत:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री बसून सगळं परत लिहिलं. शटल काढलं, त्याच्या जागी महिन्याचा हिशोब वेबसाइटवर हा मुद्दा घेतला, आणि मीटिंगच्या मुद्द्यात काकूंचं ऑनलाइनचं आणि निर्णय लिहून देण्याचं घातलं. भाषणाची सुरुवात आता फ्रेंचमध्ये आहे, नोटिशींपासून, मग हिशोब आणि फीची कोर्टाची गोष्ट इंग्रजीत, मग लांबून येणाऱ्यांचं परत फ्रेंचमध्ये. घड्याळ लावून वाचलं तर थोडं लांबतंय, मधलं कापेन. रूममेट माझी परीक्षा घेतेय, जेवताना मध्येच फ्रेंचमध्ये अवघड प्रश्न टाकते आणि मी इंग्रजीत गेले की हात वर करते. कालचा तिचा प्रश्न असा होता की नोटीस एकाच वेळी काढायची तर भाषांतर कोण करणार, पैसे देऊन करणार की फ्रेंचवाल्या मुलांकडून फुकट करून घेणार. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

प्राध्यापक सर, चार्ट पेपर आणले, अक्षरं सारखीच काढतेय.

मॉन्ट्रियलकर दादा आणि रिदोकाठी ताई, या भाषांतराच्या प्रश्नावर सांगाल का? लहान युनियनला कोणाला तरी तासावर पैसे देऊन ठेवणं परवडतं का, ओटावाला कसं करायचे? मला ते फुकटात करून घ्यायचं नाहीये हे नक्की, पण सभेत आकडा विचारला तर काहीतरी खरं सांगता यायला हवं. सभा येत्या गुरुवारी आहे.