बाजारातलं वांगं, घरचं वांगं आणि बीटी

अकोटचा कास्तकार

परवा आठवडी बाजारात वांगी घेऊन बसलो होतो. एक ताई आल्या, एक वांगं उचललं, देठापाशी फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं चकचकीत? बीटीचं तर नाही ना?" मी म्हटलं, नाही ताई. पटलं नाही त्यांना. शेजारच्या बाईकडची दोन-तीन किडकी वांगी असलेला ढीग त्यांनी घेतला. कीड आहे म्हणजे औषध मारलेलं नाही, असं त्यांचं गणित. शेजारची बाई माझ्याच गावची. तिच्या वावरात माझ्यापेक्षा एखादा फवारा जास्तच झाला असेल, पण ती कशाला बोलते!

बीटी वांगं म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेलं, अळीनं खाल्लं की अळी मरते असं वांगं. ते आपल्या देशात विकायची परवानगीच नाही. जालन्याच्या महिकोनं ते तयार केलं, केंद्राच्या समितीनं ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात आपलं नागपूरही होतं. आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. तेच वांगं बांगलादेशानं 2013 मध्ये मंजूर केलं, 2014 पासून तिथले शेतकरी लावताहेत.

वांग्यात शेंडे आणि फळं पोखरणारी अळी असते. पिल्लू एकदा आत शिरलं की वरून कितीही मारा, त्याला काही होत नाही. म्हणून ते शिरायच्या आधी मारायचं, म्हणजे तोडा सुरू झाला की आठवड्याला एक फवारा ठरलेला. सोमवारी मारतो, गुरुवारी तोडतो, शुक्रवारी बाजार. हे त्या ताईंनी विचारलं नाही. विचारलं ते बीटीचं.

आणि बीटी तर आपण खातोच आहोत की. 2002 पासून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बीटीची. तिच्या सरकीचं तेल फरसाणात जातं, ढेप म्हशीपुढे जाते. अर्जेंटिना, ब्राझीलवरून येणारं सोयाबीन तेल कोणत्या सोयाबीनचं असतं? जनुक बदललेल्याच ना! मग वांग्यानंच कोणाचं घोडं मारलं?

निंबोळी अर्क

दादा, फवाऱ्याचं बोललात म्हणून यवतमाळवाला म्हणून सांगतो. बीटी कापूस आला तेव्हाही हेच ऐकलं होतं. अळी संपली, आता फवारे संपले. पहिली चार-सहा वर्षं खरंच कमी झाले, खोटं कशाला बोलू. मग तुडतुडे आले, पांढरी माशी आली. 2010 मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला पुरून उरल्याचं जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं दुसरं बीटी बाजारात आलेलंच होतं, पण 2017 ला विदर्भात अळी त्यालाही भारी पडली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत नुसती घाण. आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास माणसं गेली. कापूस बीटीचाच होता ना त्यांचा?

तुमच्या वांग्यात घातलेलं जनुकही तेच, क्राय1एसी. पहिल्या बीटी कापसातलं, म्हणजे बोलगार्डमधलं. जे कापसात हरलं ते वांग्यात किती वर्षं टिकेल?

गुरुजी (विज्ञान)

निंबोळी, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. टिकेल का, हा शेतीचा प्रश्न. खावं का, हा तब्येतीचा. बाजारातल्या ताई दुसरा प्रश्न विचारत होत्या.

आठवीच्या पोरांनाही हीच शंका येते. ज्यानं अळी मरते ते माणसानं कसं खायचं? अळीच्या आतड्यात रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळून कामाला लागतं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी चिकटतं, तिथं भोकं पडतात. आपलं जठर आम्लाचं, तिथं ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं आणि चिकटायच्या त्या जागा आपल्या आतड्यात नसतातच. हे प्रथिन ज्या जिवाणूतून घेतलं, त्याची पावडर सेंद्रिय शेतीवाले स्वतः फवारतात.

कास्तकार भाऊ, तुमचंही एक दुरुस्त करतो. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ राहतच नाही. त्यामुळे "सरकीचं तेल खातो म्हणजे बीटी खातो" हे तंतोतंत बरोबर नाही. वांगं आख्खं खातो आपण.

चोर बीटीवाला

कायचं जठर न कायचं आतडं गुरुजी. मले त एकच समजते. वावरात तण असं मातते का त्यात बैल उभा केला त दिसत नाई. निंदाले बाया भेटत नाईत. मंग रात्री कोनीतरी चोर बीटीची, म्हंजे तननाशक मारलं तरी न मरनाऱ्या बिनपरवान्याच्या पऱ्हाटीची पिशवी आनून देते, ना पावती, ना लेबल. उगवलं त उगवलं, नाई त कोनाच्या नावानं बोंबलाव? जून 2019 ले आपल्या अकोली जहांगीरले शेतकरी संघटनेनं दिवसाढवळ्या लावून दाखवलं होतं, तननाशकाले न भेनारं. गुन्हे दाखल झाले, पन पेरा काई थांबला नाई. बंदीनं काय साधलं? दुकानातलं बियानं चोराच्या हाती गेलं, तेवढंच.

बचत गट, दर्यापूर

"बाया भेटत नाईत" हे वाक्य दरवर्षी ऐकते. भेटतात भाऊ, मजुरी विचारतात म्हणून भेटत नाहीत. आमच्या गटातल्या अकरा जणींचं आषाढ-श्रावणाचं घर निंदणावर चालतं. 300 रुपये रोज, तोही शनिवारी हिशेब केल्यावर. तणनाशकाचा एक पंप मारला की चार दिवसांचं निंदण गेलं. ते परवानगीनं मारलं काय आणि चोरून मारलं काय, आमच्यासाठी सारखंच.

आणि गुरुजी, निंदताना आम्ही नुसतं गवत काढत नाही. तरोटा, घोळ, अंबाडीची पानं ओटीत घालून घरी आणतो. ती संध्याकाळची भाजी असते. फवारलेल्या वावरातून ती आणता येत नाही. खाण्याच्या पिकाची चर्चा करता तर याही खाण्याची करा.

गुरुजी (विज्ञान)

ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण तो तणनाशकवाल्या बियाण्याला लागू आहे. बीटी वांग्यात तणनाशकाचा काही संबंध नाही. लोक सगळ्यालाच "बीटी" म्हणतात, हा आपल्याकडचा मोठाच घोळ. मोठी पपई बीटी, बिनबियांची द्राक्षं बीटी. परवा तर एकानं गुबगुबीत कोंबडीलाही बीटी म्हटलं.

धानपट्टा

नागभीडकडून लिहितो. आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या त्यांनी जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी धान आलं, जे आज नागपूरचे लोक चवीनं खातात. त्यावर कोणाचं पेटंट नाही. ज्याला पाहिजे त्यानं पायलीभर उसनं नेलं.

बीटी कपाशीची 450 ग्रॅमची पिशवी सुरुवातीला 1,600 रुपयांच्या वर होती. 2006 मध्ये सरकारनं आणि न्यायालयानं मध्ये पडून ती साडेसातशेवर आणली. शिवाय बियाणं संकरित, म्हणजे दरवर्षी विकत. माझा विरोध प्रयोगशाळेला नाही. मे 2025 मध्ये सरकारी संस्थांनी जनुक-संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले, त्यातल्या 'कमला'चं बियाणं मिळालं तर मी एक बांधी लावून पाहीन. त्यात बाहेरचं जनुक नाही म्हणतात. पण पुढच्या वर्षासाठी कणगीत ठेवलेलं माझंच राहणार का, हे आधी कोणीतरी लिहून द्यावं.

निंबोळी अर्क

धानपट्टा, पटलं. गुरुजी, तब्येतीचं तुमचं खरं धरू. तरी टिकण्याचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, कारण अळी पुन्हा आली की फवारा येतो आणि फवारा परत ताटात येतो. कापसात काय झालं आठवा. मुख्य पिशवीसोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटीची छोटी पिशवी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे साध्या अळ्या जिवंत राहतात आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांचीच पैदास होत नाही. किती जणांनी लावली? आमच्या घरी गोठ्याच्या फळीवर चार वर्षांच्या पिशव्या साचल्या होत्या. वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेली पऱ्हाटी, एप्रिलपर्यंत उभी, म्हणजे गुलाबी अळीला बारमाही खानावळ. वांग्याला तर हंगामच नाही, वर्षभर कुठे ना कुठे उभंच असतं.

चोर बीटीवाला

ते छोटी पिशवी मीबी फेकली. कबूल.

अकोटचा कास्तकार

मीही. आणि फरदडही ठेवली, दिवाळीनंतर दोन क्विंटल मिळतो म्हणून. म्हणजे बियाणं हरलं त्यात आपलाही हात आहे. पण म्हणून वांगं पंधरा वर्षं कुलपात ठेवायचं? नागपूरच्या सुनावणीला मी गेलो होतो. दोन्हीकडून घोषणा चालू होत्या. माझ्या मनात एकच साधा प्रश्न होता, तो विचारायचा राहिला. एक एकर लावून द्या, मी मोजतो, किती फवारे वाचतात ते.

तूर घ्या, हरभरा घ्या. घाटेअळीनं दरवर्षी घाटे पोकळ होतात. उद्या त्यात असं वाण आलं तर त्यालाही हेच करणार?

बचत गट, दर्यापूर

दादा, खरं सांगा. घरी कोणती वांगी खाता?

अकोटचा कास्तकार

ताई, हा प्रश्न कोणी विचारू नये असं वाटत होतं.

गोठ्यामागे दहा-बारा झाडं आहेत, काटेरी देठाची. आई सकाळी चुलीतली राख टाकते, मान टाकलेला शेंडा दिसला की खुडून जाळते. निम्मी किडतात. उरलेल्यात घरचं भागतं, पाहुणे आले तर आलू घालून भाजी वाढवतो. बाजारासाठीच्या वावरातलं वांगं आमच्या चुलीवर शिजत नाही. त्या बाजारातल्या ताईंना हे मी सांगितलं नव्हतं.

निंबोळी अर्क

मग समजा बीटी वांग्याची रोपं मिळाली. कुठे लावाल? वावरात की गोठ्यामागे?

अकोटचा कास्तकार

दोन्हीकडे, असं लिहिणार होतो. मग आईला विचारलं. तिनं अळीचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अळी लागत नाई म्हनतं, त फवारा बंद होईन काय?" मी म्हटलं, अळीचा होईल. तुडतुडे, पांढऱ्या माशीसाठी एखाद-दोन मारावेच लागतील.

"मंग वावरात लाव," म्हणाली. "गोठ्यामांगं नको."